हळदीचा दाखला

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत, उज्जैन येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर मराठीच्या प्राध्यापकाला उभे केले, की तो संतवाङ्मयावर नाही तर निदान कादंबरीच्या वाटचालीवर तरी बोलणार, अशी श्रोत्यांच्या मनाची तयारी असते. आपल्या कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी ‘हळद’ असे सांगितले. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला आणि मग व्याख्यान संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून ठेवू या का, असे अत्यंत गंभीरपणे सुचविले. मी वैद्य नाही. रसायनशास्त्रज्ञ तर नाहीच नाही. तरीही हा विषय ग्रंथालयाचाच आहे असे मी मानतो. तो तसा का, हे सांगावयाचे आहे. आणि ते सांगताना माझ्या हातून घडलेली एक चूकही आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

उज्जयिनीकरांना हळदीची ओळख करून देण्याचे कारण नाही. महाशिवरात्रीपूर्वीचे नऊ दिवस येथे शिवनवरात्र असते. एरवी शिवपिंडीवर हळद वाहत नाहीत; परंतु या दिवसांत महाकालेश्वराला हळद-चंदनाचे उटणे लागते, कारण देव नवरदेव झालेला असतो. शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घरांची भाषा थोडीफार बदलली, पुरणपोळीच्या शेजारी दालबाफले आले, मुलांच्या तोंडी हिंदी आधी आणि मराठी मागाहून आली. पण लग्नात घाणा भरताना मुसळाला हळकुंड बांधावयाचे कोणी विसरले नाही. सोन्याच्या मण्यांची ऐपत नसेल त्या घरी पिवळ्या दोऱ्यात ओवलेले हळकुंड हेच मंगळसूत्र झाल्याची उदाहरणे जुन्या मंडळींना ठाऊक आहेत.

संस्कृतातल्या हरिद्रेची प्राकृतात ‘हलिद्दा’ झाली आणि मराठीत ‘हळद’. संस्कृतात तिला निशा, रजनी अशी रात्रीची नावे आहेत, आणि कांचनी हे सोन्याचेही आहे. मराठीने मात्र हळदीपासून शहाणपणाच्या दोन गोष्टी काढल्या. एक, ‘पी हळद आणि हो गोरी’. दुसरी, ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’. पहिली उतावळ्यांसाठी, दुसरी थोडक्याने फुगून जाणाऱ्यांसाठी. या दोन्ही मलाच कशा लागू पडल्या, ते ओघाने येईल.

प्रथम एका खटल्याची हकीकत सांगतो. २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ या क्रमांकाचे एक पेटंट दिले. विषय होता, जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. संशोधक दोघे, दोघेही भारतीय वंशाचे. आणि पेटंटाचे अधिकार मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे. हळदीची पूड जखमेवर लावून किंवा पोटात देऊन जखम बरी करण्याची पद्धत ही आमची नवी कल्पना आहे, असा त्यातील दावा होता. विळीवर बोट कापले की ज्या घरात आधी हळदीचा डबा उघडतो आणि मग पट्टी शोधली जाते, त्या घरातल्या माणसांना हे वाचून हसावे की रडावे कळले नसेल.

त्याच वर्षी डॉ. रघुनाथ माशेलकर हे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले होते. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेला आणि मुंबईत गिरगावात हलाखीत वाढलेला हा मराठी माणूस. त्यांच्या कारकिर्दीत, ऑक्टोबर १९९६ मध्ये, परिषदेने त्या पेटंटाच्या फेरतपासणीचा अर्ज केला. आता येथे ग्रंथालयाचा संबंध येतो. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे परदेशातील लोक एखादी गोष्ट जाणतात, वापरतात, एवढ्याने ती ‘पूर्वज्ञात’ ठरत नसे. तिच्यावर आधी पेटंट घेतलेले असावे, नाही तर ती कोठे तरी छापलेली असावी, अशी अट होती. (हा भेद त्यांच्याकडील २०११ च्या कायद्याने काढून टाकला आणि तो बदल २०१३ पासून लागू झाला.) म्हणजे कोट्यवधी आज्यांची साक्ष त्या दप्तरात शून्य किमतीची, आणि एका छापील पानाची साक्ष ग्राह्य!

परिषदेने असे ३२ छापील संदर्भ गोळा करून पाठविले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते. संस्कृत, उर्दू आणि हिंदी अशा भाषांतले होते. आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक लेखही त्यांत होता. विद्यापीठाने प्रकरण पुढे लढविले नाही; संशोधकांनी मात्र युक्तिवाद केला. त्यांचे म्हणणे असे, की जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप सांगितला आहे, आम्ही पूड म्हणतो. लेप आणि पूड यांचे शरीरात शोषले जाणे सारखे नाही, म्हणून एकावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढता येत नाही. तपासनिसाने हे मानले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटातील सर्व दावे फेटाळले गेले. भारतातल्या परंपरागत ज्ञानावर दिलेले पेटंट आव्हान देऊन रद्द करविण्याचा तो मोठा पहिला विजय. त्यातूनच २००१ साली पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. पोथ्यांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून २००९ पासून युरोप-अमेरिकेच्या पेटंट कार्यालयांना पाहावयास खुले झाले. त्याला ‘ग्रंथालय’ असेच नाव दिले, हे मला फार आवडले.

संशोधकांच्या त्या युक्तिवादावर मी तेव्हा मनसोक्त हसलो होतो. लेप काय आणि पूड काय, हळद ती हळद! नोकरीत नवा होतो, वय पंचविशीच्या पुढेमागे. गणेशोत्सवात आपल्या मंडळींनी मला या विषयावर बोलावयास उभे केले आणि मी आवेशाने बोललो. ‘अखेर आपल्या आजीचे म्हणणे अमेरिकेला मान्य करावे लागले’ हे वाक्य मी त्या दिवशी टाळ्यांसाठी दोनदा वापरले. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो तो असा.

कारण ते वाक्य चुकीचे होते. अमेरिकेने आजीचे म्हणणे मान्य केले नव्हतेच. हळदीने जखम भरते की नाही, हा त्या प्रकरणातला मुद्दाच नव्हता. ही कल्पना नवी नाही, ती अगोदर कोणी तरी लिहून ठेवली आहे, एवढेच ठरले होते. छापील पान ही गोष्ट कोणी तरी म्हटल्याचा दाखला असते. म्हटलेले खरे असल्याचा तो पुरावा नव्हे. विद्यार्थ्यांना पाठभेद आणि प्रक्षिप्त ओव्या शिकविणाऱ्या माणसाला हा फरक कळावयास हवा होता. मला तो कळावयास वीसहून अधिक वर्षे लागली आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या वहिनींनी मोजली.

वहिनी इंदूरला असतात. सत्तरी जवळ आलेली, गुडघ्यांनी जेरीस आणलेल्या. त्यांचा मुलगा परदेशी आहे. तो एका खेपेस कुर्क्युमिनच्या कॅप्सुलांची मोठी बाटली घेऊन आला. वहिनींनी मला दूरध्वनीवर विचारले, “भाऊजी, तुम्ही हळदीवर भाषण केले होते ना? मग या गोळ्या घेऊ का?” मी म्हणालो, “वहिनी, अहो, हळदच तर आहे! खुशाल घ्या.” एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा बहुधा एकमेव वैद्यकीय प्रश्न, आणि त्याचे उत्तर मी गणेशोत्सवातल्या टाळ्यांच्या आधारावर दिले.

दीड-दोन महिन्यांनी त्यांची अन्नावरची वासना गेली. मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, आणि एके सकाळी सूनबाईंच्या लक्षात आले की डोळे पिवळे दिसताहेत. कावीळ. रुग्णालयात सगळ्या तपासण्या झाल्या. काविळीचे नेहमीचे विषाणू सापडले नाहीत, पित्ताशयात खडा नव्हता, यकृताच्या चाचण्यांचे आकडे मात्र अनेक पटींनी चढलेले. डॉक्टरांनी कोणकोणती औषधे चालू आहेत असे तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा घरच्यांनी रक्तदाबाच्या एका गोळीचे नाव सांगितले. बाटलीचे नाव कोणी घेतले नाही, कारण ते औषध आहे असे कोणाच्या मनातच नव्हते. ती हळद होती! चौथ्या दिवशी सूनबाई घरून डबा आणताना ती बाटलीही घेऊन आल्या. गोळ्या बंद झाल्या. पूर्ववत व्हावयास पुढे तीन महिने लागले. ‘पी हळद’ म्हणून मी सांगितले आणि वहिनी गोऱ्या व्हावयाच्या त्या पिवळ्या झाल्या, असा विनोद त्या स्वतः करतात. मला तो अजून करता येत नाही.

मग मी वाचावयास बसलो. हे वाचन आधी करावयाचे ते नंतर केले. कुर्क्युमिन हा हळदीतला पिवळा रंगद्रव्याचा भाग. फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी तो १८१५ मध्ये वेगळा काढला, त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये ठरली. सुक्या हळदीत त्याचे प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास, जातीप्रमाणे कमीअधिक. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीची ख्याती हे प्रमाण जास्त असण्याबद्दल आहे आणि २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळाले. आमच्याकडे सांगलीकडच्या नातलगांकडून वर्षाची हळकुंडे येत. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे न किडता कशी राहते, याच्या कथा ते सांगत. २००५ च्या महापुराने त्यातली पुष्कळ पेवे निकामी केली. त्या नातलगांच्या तोंडी टक्केवारीचा शब्द मी कधी ऐकला नाही. ते हळकुंड मोडून वास घेत, आतला रंग पाहत.

आता वहिनींच्या बाटलीचा हिशेब. एका कॅप्सुलीत ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कुर्क्युमिन-वर्गीय द्रव्ये. म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. वरणभाजीतून माणसाच्या पोटात दिवसाला दोन-अडीच ग्रॅम हळद जाते असे धरले, तर कुर्क्युमिन जाते सुमारे ७० मिलिग्रॅम. एका कॅप्सुलीची भरपाई करावयाची तर पंधरा-सोळा ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे पाच चमचे. वहिनी दिवसाला दोन घेत होत्या. अन्नातील रंगद्रव्यांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने कुर्क्युमिनची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे तीन मिलिग्रॅम ठेवली आहे. साठ किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम होते.

एवढ्यावर थांबत नाही. कुर्क्युमिन रक्तात फारसे उतरतच नाही. आतडे आणि यकृत त्याचा चटकन निकाल लावतात. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ग्रॅम कुर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले पिपरिन हे द्रव्य वीस मिलिग्रॅम दिले असता माणसात त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढली. तेव्हापासून पुष्कळ गोळ्यांत पिपरिन घालू लागले. वहिनींच्या बाटलीवरही ते होते, बारीक अक्षरांत. नको असलेली द्रव्ये बाहेर काढण्याचे यकृताचे जे काम, त्यालाच पिपरिन अडथळा करते. त्यामुळे कुर्क्युमिनच नव्हे, इतर औषधेही रक्तात जास्त वेळ टिकू शकतात. लेप आणि पूड यांचे शोषण सारखे नसते, असे ते दोघे संशोधक म्हणाले होते. त्यांचा दावा फेटाळला गेला तो योग्यच. पण हळद कोणत्या रूपात पोटात जाते याने फरक पडतो, ही त्यातली गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

वहिनी एकट्या नव्हत्या. इटलीत २०१९ मध्ये अशा यकृतदाहाचे बरेच रुग्ण नोंदले गेले आणि पुढे २०२२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने या उत्पादनांवर इशारा छापणे आवश्यक केले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये जाहीर सूचना दिली. औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील संशोधकगटाने २०२२ मध्ये दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावला, आणि दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार आढळला. म्हणजे हा प्रसंग विरळा आहे आणि त्याचा धोका कोणाला अधिक, हे काही अंशी जन्मतःच ठरलेले असू शकते. बाटलीवर मात्र ‘नैसर्गिक’ एवढाच शब्द ठळक असतो. बचनागही नैसर्गिकच आहे.

आणि गुण? तोही सांगितला पाहिजे, नाही तर मी दुसऱ्या बाजूचा प्रचारक ठरेन. थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या तीनशेहून अधिक रुग्णांवर चार आठवडे केलेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हळदीचा अर्क हा आयबुप्रोफेन या नेहमीच्या वेदनाशामकाच्या बरोबरीचा ठरला. तेव्हा वहिनींच्या मुलाने आणलेली गोष्ट अगदीच निराधार नव्हती. उलट, २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी कुर्क्युमिनवरील शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की हे द्रव्य अस्थिर आहे, प्रयोगनळीत ते भलत्याच चाचण्यांना होकार देऊन फसविते, आणि काटेकोर चाचणीत ते निःसंशय यशस्वी ठरल्याचे उदाहरण नाही. कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सगळ्यावर चालते असे जे पत्रकांतून आणि मोबाइलवरच्या निरोपांतून फिरते, त्याचा आधार एवढाच.

या वाचनानंतर मी आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या कपाटांकडे वळलो. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक’, वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’, संहितांची भाषांतरे. चरकाने हरिद्रा लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न गणांत घातली आहे. सुश्रुताने एका गणालाच तिचे नाव दिले. वाग्भटाने प्रमेहात ती आवळ्याच्या जोडीने सांगितली. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ताच्या वनौषधींवरील पोर्तुगीज संवादग्रंथातही ती आहे, आणि पोर्तुगीजांनी तिला ‘भूमीचे केशर’ म्हटले. परंतु मला या वेळी दुसरीच गोष्ट दिसली. जुन्या वैद्यकात हळद सहसा एकटी येत नाही. तिच्याबरोबर दुसरी चार द्रव्ये असतात, अनुपान असते, मात्रा असते, रुग्णाची प्रकृती पाहावी असे असते, काळ असतो. या परंपरेचे नाव बाटलीवर छापावयाचे आणि तिच्यातली मात्रा, अनुपान व काळ ही तिन्ही गाळावयाची, हा व्यवहार मला त्या पेटंटापेक्षा फारसा वेगळा वाटत नाही. त्यांनी निदान अर्ज केला होता.

जुन्या ग्रंथांत लिहिले आहे ते सर्व खरे आहे असेही माझे म्हणणे नाही. त्यांत पारख न झालेले पुष्कळ आहे. ते तपासावयाचे तर आधी ते नेमके काय म्हणतात हे वाचता आले पाहिजे, आणि त्यासाठी ते पान जागेवर असले पाहिजे. ‘ओषधीसंग्रहा’ची आपली प्रत पुठ्ठ्यापासून सुटली आहे, कागद दुमडला की तुटतो. शताब्दीच्या निधीतून थोडा भाग बांधणीसाठी आणि छायाप्रती करण्यासाठी राखून ठेवावा, ही विनंती मी कार्यकारिणीला लेखी दिली आहे.

दुसरी विनंती आपणा सर्वांना, विशेषतः भगिनींना. वहिनी बऱ्या झाल्यावर त्यांच्या कपाटातून माझ्या आईची एक वही निघाली. लोणच्याची प्रमाणे, हिशेब, रुखवताची यादी, आणि मागच्या पानांवर घरगुती औषधे. खोकल्यावर हळदीचे दूध तिने लिहिले आहे, आणि पुढे लिहिले आहे: ‘नखावर राहील इतकी. तीन रात्री. मग बंद.’ त्याखाली वेगळ्या शाईत एक ओळ आहे, की धाकट्याला उपयोग झाला नाही, डॉक्टरांकडे नेले. तो धाकटा मी. औषध लागू पडले नाही हेसुद्धा लिहून ठेवण्याची बुद्धी तिला होती, आणि ती मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती.

अशा वह्या आपल्या उज्जैनमधल्या मराठी घरांतून अजून असतील; पुढच्या घरबदलात किंवा दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातील. देवघेव विभागात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवण्याचे कार्यवाहांनी कबूल केले आहे. वहीवर लिहिणारीचे नाव, गाव आणि अंदाजे साल घालून आणावी. माझ्या आईची वही पहिली म्हणून काल जमा केली आहे. मूळ वही सोडवत नसेल तर झेरॉक्स दिली तरी चालेल. मात्र मागची पाने वगळू नयेत.